एकतीस जुलैची मिठी

वेंडेल प्रोकोपला त्या एकतीस जुलैला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. एक डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ज्याच्यावाचून रिव्हरमेन हा बेसबॉल क्लब गेले तीन आठवडे हातातले सामने नऊपैकी सातव्या डावात घालवत होता. ऑक्टोबरच्या मोठ्या सामन्यांत शिरकाव. आणि हे जमलंच, तर पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्या लोरेन डिट्झबाईंची मुख्य व्यवस्थापकाची खुर्ची. वेंडेल अकरा वर्षं दुय्यम म्हणून त्या खुर्चीशेजारी बसत होता. शेजारच्याच्या ताटातला लाडू दिसावा, तशी ती त्याला रोज दिसायची.

द्यायचं काय होतं? फक्त हॉब लिंडक्विस्ट. तिसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षणाला उभा राहणारा, छत्तीस वर्षांचा. जिना चढताना त्याचे गुडघे शेजारच्या खोलीत ऐकू येत.

"असा सौदा वीस वर्षांत एकदा येतो," सकाळी वेंडेल बायकोला म्हणाला.

"आणि आला की तू काय करतोस, तेही मी वीस वर्षं बघतेय," ती म्हणाली आणि त्याच्या डब्यात सँडविच ठेवून कामाला गेली.

सौदा उत्तरेकडच्या एका क्लबाशी होता. त्यांच्या तिसऱ्या बेसवाल्याचं मनगट मोडलं होतं आणि त्यांचा व्यवस्थापक हॅलोरन माणसाच्या शोधात कासावीस झाला होता. अडचण एकच. ज्यानं मोठ्या लीगमध्ये दहा वर्षं काढली आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबात, त्याला विचारल्याशिवाय हलवता येत नाही, असा नियम आहे. हॉबनं तर चौदाच्या चौदा रिव्हरमेनमध्येच काढली होती. म्हणजे त्याची सही हवी.

पण हॉब आदल्या दिवशीच हो म्हणाला होता. उत्तरेकडचं ते मैदान त्याच्या गावापासून चाळीस मैलांवर. त्याचे वडील एक्याऐंशी वर्षांचे, विमानात बसत नाहीत, आणि मुलाला मोठ्या लीगमध्ये खेळताना त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं तेवढंच. तरीही हॉबनं आधी एकच प्रश्न विचारला होता.

"मी गेलो तर तिसऱ्या बेसवर कोण?"

"रायनियेल क्वेवास," वेंडेल म्हणाला.

"कधी येतोय?"

"उद्या."

हे खोटं होतं. रायनियेल मिलरटनला क्लबाच्या खालच्या टीममध्ये होता. एकवीस वर्षांचा, आणि चेंडू असा मारायचा की तो कुठं पडला ते दुसऱ्या दिवशी कळावं. वर यायला तो मे महिन्यातच तयार झाला होता. पण वेंडेलचं कॅलेंडर तयार नव्हतं. पोराला पंधरा ऑगस्टच्या आधी वर आणलं, तर त्याचं नवखेपण याच मोसमात संपणार. नंतर आणलं, तर पुढच्या वर्षीही तो कागदोपत्री नवखाच, आणि नवख्यांचं बक्षीस त्यानं मारलं की क्लबाला नवा खेळाडू निवडायची एक जादा संधी. त्या एका संधीसाठी वेंडेल पोराला लोणच्यासारखा मुरवत ठेवत होता. मधले पंधरा दिवस तिसऱ्या बेसवर कोणाला तरी उभं करू, असा त्याचा बेत होता. पण हॉबला कशाला सांगायचं? पंधरा दिवस म्हणजे काय मोठं खोटं नव्हे.

इथवर सगळं ठीक होतं. हॅलोरन पिचर द्यायला तयार, हॉब सही करायला तयार, संध्याकाळी सहापर्यंत अदलाबदलीची मुदत आणि घड्याळात सकाळचे अकरा. शहाण्या माणसानं सही घेऊन घरी जावं.

वेंडेलनं सँडविच खाल्लं आणि त्याला सुचलं.

हॅलोरन गरजू आहे. त्याच्याकडे एकोणीस वर्षांचं एक पोरगं आहे, लांब हाताचं, झकास. पिचरच्या जोडीला तेही मागून घेता आलं तर? पण हॉबची किंमत एकाएकी वाढावी कशी? ती एकाच गोष्टीनं वाढेल: रायनियेल दुसरीकडे गेला असं हॅलोरनला वाटलं तर. मग रिव्हरमेनलाच हॉबची गरज, आणि ज्याची गरज त्याचा भाव. आणि हे वाटायला लावण्यासाठी खोटं बोलायचीही गरज नव्हती. जुलैच्या शेवटच्या दिवशी धडधाकट पोराला खेळता खेळता बाहेर काढलं, की त्याचा सौदा झाला आणि आता त्याला दुखापत होऊ नये म्हणून झाकून ठेवलाय, हे या धंद्यात दाणे विकणाऱ्यालाही कळतं.

त्यानं मिलरटनला ऑगी ट्रेम्बलेला फोन लावला. ऑगी खालच्या टीमचा प्रशिक्षक, सदुसष्ट वर्षांचा. दुपारचा सामना नुकताच सुरू होत होता.

"ऑगी, चौथ्या डावानंतर रायनियेलला बाहेर काढा."

"का? लागलंय का त्याला?"

"नाही."

"मग मला दिसलं नाही असं काही केलंय का त्यानं?"

"नाही हो. कारण विचारू नका. आणि तुम्हाला कोणी विचारलं तर एवढंच म्हणायचं, वरून आदेश आहे. कोणीही विचारू दे. मी विचारलं तरी."

"साहेब, अडतीस वर्षं या धंद्यात आहे मी. माझ्या बायकोला अजून माझा पगार माहीत नाही."

लोरेनबाईंना मात्र वेंडेलनं काही सांगितलं नाही. बाईंना पक्वान्न दाखवावं, कृती दाखवू नये, असं त्याचं धोरण होतं.

चौथा डाव संपला. ऑगीनं रायनियेलच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बस बाळा."

"मी काय केलं?"

"वरून आदेश आहे."

पोरगा बाकावर बसला. मग कॅचर उठला आणि त्यानं रायनियेलला मिठी मारली. त्याच्यामागं दुसऱ्या बेसवाला. मग पिचर, मग पाणी देणारा, मग एकेक करून सगळी टीम, लग्नात आहेर द्यायला रांग लागते तशी. रायनियेल रडायला लागला. त्याला रडताना पाहून ऑगीलाही भरून आलं. खरं काय ते त्यालाही माहीत नव्हतं, त्यामुळे त्याची मिठी सगळ्यांत घट्ट होती. मिलरटनच्या मैदानावर एकच कॅमेरा, एरवी तो निम्मा वेळ दाणेवाल्याकडे बघायचा. त्या दिवशी तो बाकाकडे बघत होता.

वीस मिनिटांत ती मिठी देशभर पोचली. चार वाजता हॅलोरनचा फोन.

"क्वेवासला कुठं दिलात?"

"मी काही बोललो का?" वेंडेल म्हणाला.

"मग तुमच्याकडे तिसऱ्या बेसवर कोण राहिलं?"

"त्याचाच विचार चाललाय. हॉबला सोडणं आता जड जाईल. तुमचं ते लांब हाताचं पोरगंही मिळालं, तर बघू."

"प्रोकोप, तू नीच माणूस आहेस."

"धंदा आहे."

"घे ते पोरगं. पण आता हलू नकोस."

पाच वाजायला दहा मिनिटं असताना कागद तयार झाला. वेंडेलनं तो लोरेनबाईंपुढे ठेवला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हे जादा पोरगं कसं काय मिळालं?"

"चिकाटी."

"हं," बाई म्हणाल्या. "हॉबची सही?"

"आत्ता आणतो. ती नुसती औपचारिकता."

संध्याकाळी सामना होता, त्यामुळे हॉब खाली खेळाडूंच्या खोलीतच होता. दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या बांधून खुर्चीत बसला होता आणि भिंतीवरच्या टीव्हीवर रायनियेलला नवव्यांदा मिठी मारली जात होती. वेंडेलनं कागद आणि पेन पुढे केलं. हॉबनं मान हलवली.

"नाही जात मी."

"म्हणजे?"

"पोरगं तर दिलंत तुम्ही. आता मीही गेलो तर तिथं उभं कोण राहणार? चौदा वर्षं खाल्लंय या क्लबाचं. ऐन वेळी उघड्यावर टाकून नाही जाणार."

"हॉब, अरे, पोरगं कुठंही गेलं नाहीये."

"वेंडेल, मी तुझ्यावर चिडलेलो नाही. धंदा आहे, कळतं मला. पण खोटं बोलू नकोस. मिठ्या मारतायत त्याला."

"ते मी मुद्दाम केलं. हॅलोरनला वाटावं म्हणून."

"मग तो उद्या येतोय?"

इथं वेंडेलला फक्त हो म्हणायचं होतं. पण त्या दिवसात पहिल्यांदाच त्याला खरं बोलायची हुक्की आली.

"उद्या नाही. पंधरा ऑगस्टनंतर."

हॉबनं त्याच्याकडे शाळामास्तर बघतात तसं पाहिलं. "काल म्हणालास उद्या. आज म्हणतोस पंधरा ऑगस्ट. आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवू?"

"थांब, त्यालाच फोन लावतो. तुझ्यासमोर."

रायनियेलचा फोन व्यस्त. परत लावला, व्यस्त. पोरानं सान्तो दोमिंगोजवळच्या गावी आईला फोन केला होता. आईकडून तो मावशीकडे, मावशीकडून पाद्र्याकडे आणि पाद्र्याकडून त्याला लहानपणी खेळायला शिकवलेल्या माणसाकडे गेला होता. सव्वापाच ते पावणेसहा वेंडेलनं एकवीस वेळा नंबर दाबला.

"ऑगीला विचार," हॉब म्हणाला. "म्हातारा खोटं बोलत नाही."

"अगदी बरोबर," वेंडेल म्हणाला आणि त्यानं फोन मोठ्या आवाजावर टाकला. "ऑगी, वेंडेल बोलतोय. रायनियेलला का बाहेर काढलंत?"

"वरून आदेश आहे."

"तो आदेश माझाच होता. आता खरं सांगा."

"खरंच सांगतोय. वरून आदेश आहे."

"ऑगी, नाटक संपलं. हॉब इथं बसलाय. त्याला सांगा की पोरगं गेलेलं नाही."

"हे बघा साहेब," ऑगीच्या आवाजात परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचा अभिमान होता, "तुम्हीच सांगितलंय, तुम्ही विचारलं तरी. मला नका शिकवू. हॉब, कसा आहेस बाळा? गुडघे कसे आहेत?"

"आहेत," हॉब म्हणाला. "पोरगं कसं आहे?"

"रडलं रे बिचारं. मी पण रडलो."

हॉबनं फोन वेंडेलकडे सरकवला. "बाबांना कळवलंय मी मघाशीच, येत नाही म्हणून. ते म्हणाले, बरोबर केलंस. आता जाऊ दे मला, पट्ट्या बांधायच्यात."

वेंडेल आणखी दहा मिनिटं बोलत होता. त्यानं विनवलं, शपथा घेतल्या, खिशातून आपल्या मुलींचे फोटो काढून दाखवले. हॉब ऐकत ऐकत पायाला पट्टी गुंडाळत राहिला. सहाला चार मिनिटं कमी असताना हॅलोरननं दुसरीकडून एक तिसऱ्या बेसवाला उचलला आणि वेंडेलला दोन शब्दांचा निरोप पाठवला. ते दोन शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत.

लोरेनबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे पिचर नाही."

"नाही."

"जादा पोरगं नाही."

"नाही."

"आणि खाली मिलरटनला एक पोरगा आपल्याला विकलंय असं समजून बसलाय."

तो बसला नव्हता, सामान बांधत होता. वेंडेलचा फोन अखेर लागला तेव्हा त्यानं आपली बॅट कॅचरला, टेबलपंखा दुसऱ्या बेसवाल्याला आणि भात शिजवायचा कुकर खोलीतल्या जोडीदाराला देऊन टाकला होता.

"मग मी कुठं जाऊ, सर?" त्यानं विचारलं.

"कुठंच नाही. तू आमचाच आहेस."

"मग मला बाहेर का काढलं?"

वेंडेलनं फोन ठेवला.

"उद्या सकाळी त्याला वर आण," लोरेनबाई म्हणाल्या.

"पण पंधरा ऑगस्ट?"

"प्रोकोप, ज्याला विकलं नाही त्याला तू विकल्यासारखं रडवलंस. आता त्याला तिथंच आणखी पंधरा दिवस ठेवायचं तोंड आहे का तुला?"

एक ऑगस्टला दुपारी रायनियेल एक बॅग आणि एक उसनी बॅट घेऊन खेळाडूंच्या खोलीत शिरला. हॉबनं मान वर करून पाहिलं. आधी त्याच्याकडे, मग दारात उभ्या असलेल्या वेंडेलकडे. वेंडेलला वाटलं, आता हा माझ्या अंगावर बर्फाची पिशवी फेकेल. फेकली असती तर वेंडेलनं ती झेलली नसती.

हॉब उठला. "ते डावीकडचं तिसरं कपाट घे," तो रायनियेलला म्हणाला. "बाकीच्यांच्या वर नळ गळतो. आणि इथं चेंडू उजवीकडे जरा जास्त उडतो, अर्धं पाऊल मागं राहा. चल, दाखवतो."

त्या दिवसापासून तिसऱ्या बेसवर रायनियेल, आणि बाकावर हॉब. पोरानं दोन महिने मार मार मारलं. पण सातव्या डावात हातचे सामने जायचे ते जातच राहिले, आणि रिव्हरमेन दोन सामन्यांच्या फरकानं ऑक्टोबरला मुकले. उत्तरेकडचा क्लब मात्र ऑक्टोबरभर खेळला आणि शेवटचा सामनाही जिंकला. तिसऱ्या बेसवर त्यांचा तो शेवटच्या चार मिनिटांत उचललेला माणूस होता. गडी बेताचाच, पण विजेत्यांना मिळते ती अंगठी त्याच्या बोटात गेली. हॉबनं निवृत्ती जाहीर केली, तेव्हा पेपरात तीन ओळी आल्या. लोरेनबाईंनी आपली निवृत्ती दोन वर्षं पुढे ढकलली. कारण दिलं नाही, वेंडेलनं विचारलंही नाही.

नोव्हेंबरात एका रविवारी वेंडेलनं हॉबला फोन केला. माफी कशी मागायची त्याची तीन वाक्यं त्यानं पाकिटामागं लिहून ठेवली होती. पहिल्यातच तो अडखळला.

"असू दे रे," हॉब म्हणाला. "झालं ते झालं. उत्तरेकडच्यांची विजयाची मिरवणूक बघायला गेलो होतो आम्ही, बाबा आणि मी. म्हातारा म्हणाला, एवढ्या जवळ आहे तर बघून येऊ."

"कशी झाली?" वेंडेलनं विचारलं.

"गर्दी फार. नीट दिसलं नाही. बाबांना मी एका कठड्यावर उभं केलं होतं, त्यांना थोडी दिसली खेळाडूंच्या गाडीची वरची बाजू. गाडी लावायचे चाळीस डॉलर घेतले लेकाच्यांनी. मी पाकीट काढलं, पण म्हाताऱ्यानं मला देऊच दिले नाहीत, स्वतःचे काढले."