सा विनाका म्हणजे पुरे!

"माझी वोइवोइ कुठं गेली?" उनाइसीबूबू, म्हणजे आमची उनाइसीआजी, घरामागून अशी कडाडली की किनाऱ्यावर जाळी विणणारे पुरुष उठून उभे राहिले.

केवड्याच्या जातीची ती काटेरी झाडं कालपर्यंत परसात होती. त्यांच्याच पानांच्या चटया नात सेरेइमाच्या लग्नात अंथरायच्या होत्या. आता तिथं सपाट जमीन होती, कोपऱ्यात राख होती, आणि 'मदतीचे हात' छापलेले निळे टी-शर्ट घातलेली चाळीसेक गोरी पोरं टाळ्या पिटत होती.

"सगळं तण काढलं, बूबू!" त्यांचा म्होरक्या डंकन मोडक्या बोलीत म्हणाला.

"तण? मेल्या, तुझ्या सात पिढ्या जमिनीवरच लोळल्या का रे?"

या सगळ्याचं मूळ एका शब्दात होतं. पहिल्या वर्षी दोनच मुली आल्या आणि त्यांनी सभाघराची भिंत रंगवली. दुसऱ्या भिंतीकडे वळायला लागल्या तेव्हा बूबू म्हणाली, "सा विनाका." पाहुण्याला दुखवायचं नसलं की आपण असंच म्हणतो: छान झालं, आता पुरे, हात धुवा. पोरींना 'छान' तेवढं कळलं. पुढच्या वर्षी डझनभर आले, तीच भिंत पुन्हा रंगवली. "सा विनाका, सा विनाका!" बूबू दात आवळून म्हणाली. यंदा बस भरून आली. सिडनीत म्हणे त्यांनी मोठी कचेरी थाटली आणि दारावर हाच शब्द रंगवला. इथं रंगवायला काही उरलं नाही, म्हणून मग तण.

"बूबू, त्यांना माहीत नव्हतं गं," सेरेइमा म्हणाली.

"माहीत नसलेल्यानं हात खिशात ठेवावेत! तुझी सासू अकानिसी गावभर सांगेल, उनाइसीनं नात उघड्या जमिनीवरून दिली म्हणून."

डंकन यांगोनाची, म्हणजे आमच्याकडच्या मानाच्या पेयाची, मुळी घेऊन माफी मागायला आला. मुळी पुढ्यात ठेवल्यावर नाही म्हणता येत नाही, म्हणून बूबूनं ती घेतली. "केलं माफ. आता बसा खाली, सगळे, आणि विणा चटया!"

वाळलेली पानं शेजारच्या गावात मागावी लागली. जन्मात कुणाकडे न मागणाऱ्या बूबूला ते काट्यांहून जास्त टोचलं. त्याचा सूड पोरांवर निघाला.

"ही पट्टी वर, ती खाली. खाली! भिंत रंगवतोयस का?"

चटया झाल्या. एक गोल निघाली, एकीला पाच कोपरे.

"कशा झाल्या, बूबू?" डंकननं विचारलं. सगळे तोंडाकडे बघत राहिले. तो शब्द पुन्हा निसटू नये म्हणून बूबूनं ओठ घट्ट मिटून घेतले.

लग्नाच्या दिवशी अकानिसी आली. तिनं पाचकोपरी चटई अंगठ्यानं चाचपली आणि गोड हसली. "सा विनाका, उनाइसीबाई. सा विनाका."

जमलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. सेरेइमाचे डोळे भरले. बूबूच्या कानशिलाची शीर तडतडली. मग तिची नजर दारातल्या निळ्या टी-शर्टांवर गेली आणि ती तोंडभर हसली.

"आवडल्या ना विहीणबाईंना? डंकन, ऐकलंस का रे? पुढच्या वर्षी बस यांच्या गावी ने. यांची वोइवोइ तर नदीपर्यंत पसरलीय."

"अगंबाई! नको, नको, सा विनाका!" अकानिसी दोन्ही हात हलवत किंचाळली. "सा विनाका, सा विनाका!"

डंकनचा चेहरा उजळला. "एवढं आवडलं? मग दोन बसेस आणतो!"