सहाव्या खडकाची निवडणूक

एका जंगलात, बाळांनो, शांतता नव्हती, पण शांततेची पंचायत होती. पाच खडकांवर पाच जण कायमचे बसत: वाघ, अस्वल, गवा, गरुड आणि मगरबाई. फार पूर्वी पेटलेला वणवा म्हणे त्यांनी विझवला होता. लावला कोणी, हे विचारायची पद्धत नव्हती. पाचांपैकी एकानं जरी "नको" म्हटलं, तरी ठराव बारगळायचा.

सहावा खडक मात्र दोन वर्षांपुरता असे. यंदा तो रिकामा झाला, आणि कुसाजी साळिंदर उभा राहिला.

त्याला कारण होतं. डोहावर पाणी प्यायला गेलेल्या हौसा हरिणीच्या बहिणीला मगरबाईंनी ओढून नेलं होतं. तेव्हापासून कळप तहानलेला होता.

"हौसाताई, निवडून आलो की डोहाचा प्रश्न पहिला," कुसाजी म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला, बरं का.

समोर तरस उभा होता. त्यानं माकडांना फणस वाटले. मग कुसाजीनं सशांना रताळी वाटली, आणि अस्वलाचं नृत्य पाहून दोनदा "वाहवा!" म्हटलं.

एके दिवशी मगरबाईंनी त्याला बोलावलं.

"माझं मत तुलाच हो. फक्त 'डोह' हा शब्द तेवढा टाळ."

कुसाजीचे काटे ताठ झाले. मग हळूहळू बसले. एका शब्दानं काय बिघडतं, असं त्याला वाटलं.

तो एका मतानं निवडून आला.

पहिल्याच बैठकीत त्यानं ठराव मांडला. "एका ओल्या जागी काही प्राणी दिसेनासे झाल्याबद्दल पंचायत चिंतित आहे."

"चिंतित फार कडक होतं," गवा म्हणाला.

"किंचित चिंतित करा," अस्वल म्हणालं.

"नको," मगरबाई डोळे पुसत म्हणाल्या. ठराव पडला.

मग गरुडानं तोड काढली. ओल्या जागेच्या रक्षणासाठी पथक नेमावं. प्रमुख पाण्यातला जाणकार असावा. सगळ्यांनी मगरबाईंकडे पाहिलं. कुसाजीनं जमिनीकडे पाहिलं, आणि पंजा वर केला.

बाहेर हौसा उभी होती. "कुसाजी, पाणी कुठं प्यायचं?"

"विषय विचाराधीन आहे," कुसाजी म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला अनोळखी वाटला. पण खडक उबदार होता.

हौसा मागं वळली. कळप घेऊन ती कोरड्या ओढ्यात गेली. सगळ्यांनी खुरांनी वाळू उकरली. तिसऱ्या दिवशी पाणी लागलं. पाडसं आनंदानं ओरडली आणि पोटभर प्यायली.

चौथ्या दिवशी पंचायतीची तातडीची बैठक झाली. पाणीप्रश्न सोडवल्याबद्दल पंचायतीनं स्वतःचं अभिनंदन केलं. नव्या झऱ्याकाठी पाच कायमचे खडक मांडायचं ठरलं. एकही "नको" आला नाही.

ठराव कुसाजीनंच मांडला होता. त्याला सहावा खडक हवा होता. कायमचा.

तात्पर्य: बाळांनो, शांततेसाठी झटायचं असेल तर आधी खडक मिळवा. नुसतं पाणीच हवं असेल, तर स्वतः उकरा. फक्त लागलं की ओरडू नका.