राखणदार आणि चरणारा

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या इमारतीत कुणी ठिपकेवाला भुंगेरा चिरडायला निघालं, की सोनवणेकाकू आधी त्याचं मनगट धरतात. ओळखपाळख नंतर. "थांब. राखणदार हाय का चरणारा, ते बघू दे," म्हणतात आणि कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात.

काकू वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. माहेर फुलंब्रीकडचं, त्यामुळं गच्चीतल्या कुंड्यांत वांगी, चवळी, सगळं शेतासारखं. राखणदाराची पाठ तुळतुळीत. तो पिकाचा रस पिणारा मावा, म्हणजे बारीक किडे, खातो. चरणाऱ्याची मळकट, बारीक लव असलेली; तो वांग्याची पानं खातो. "रंगावर जायचं नाय, पाठ बघायची," हे त्यांनी दूधवाल्यापासून माझ्या सासऱ्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवलंय. सासऱ्यांनी घाईघाईनं आपल्याच शर्टाची पाठ झटकली होती.

गेल्या श्रावणात वांग्याच्या पानांची चाळण झाली. सोसायटीचे सेक्रेटरी जाधव औषधाचा पंप पाठीवर घेऊन गच्चीवर निघाले. त्यांचं म्हणणं, किडा तो किडा. काकूंनी गच्चीच्या दारात खुर्ची टाकली, तीवर बसल्या आणि एक दिवसाची मुदत मागितली.

मग लोणच्याच्या दोन बरण्या निघाल्या, काचेच्या. दोन्हींत वांग्याचं पान आणि माव्यानं काळा पडलेला चवळीचा शेंडा. एकीत राखणदार सोडले, दुसरीत चरणारे. तोंडाला मलमल बांधून बरण्या बाहेरच्या खोलीत मांडल्या.

दुसऱ्या दिवशी सगळी इमारत जिने चढत होती. पोरं शाळेतून परस्पर वर गेली. तळमजल्यावरचे आजोबा गुडघे विसरले. जाधवही 'सहज' म्हणून डोकावत राहिले. संध्याकाळी मलमल सुटली. एका बरणीत पान शाबूत, शेंडा हिरवागार. दुसरीत मावा जसाच्या तसा आणि पानाची जाळी. जाधवांनी बराच वेळ दोन्हीकडं पाहिलं. मग औषध परत देतो आणि चरणारे स्वतः वेचतो, असं चारचौघांत कबूल केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी शेंगदाण्याचे लाडू असे वाटले, की जणू किल्ला सर केलाय.

सगळे गेल्यावर मी कपबशा विसळायला थांबले. काकू दारात उभ्या राहून जिन्याकडं बघत होत्या.

"लई दिवसांनी दारात एवढ्या चपला पडल्या," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "उद्या बी या म्हणावं सगळ्यांना. अजून एक भुंगेरा हाय, तो दाखवते."

मी विचारलं, कोणता?

"सकाळी शोधते की," काकू म्हणाल्या.