छापण्यास हरकत नाही

सकाळी साडेदहाला, डोळ्यांत थेंब घालायच्या आधी, आजींनी सगळ्या इमारतीला कळवलं की जिन्यात प्रेत पडलं आहे. अर्थात, आपण असं काही कळवलं आहे हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं.

आजी एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितशोधक होत्या. इमारतीत त्यांना 'प्रूफआजी' म्हणत, कारण नोटीसबोर्डावरच्या प्रत्येक सूचनेतले ऱ्हस्व-दीर्घ त्या जाता-येता पेन्सिलीने सुधारून ठेवत. सेक्रेटरींनी एकदा बोर्डाला काच बसवून घेतली, तर आजींनी काचेवर चिठ्ठी चिकटवली.

आजोबा त्याच छापखान्यात कंपोझिटर. शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवायचे. त्यांच्या हातची एक कादंबरी घरात होती. तिच्या एका प्रतीखेरीज आजोबांनी आयुष्यात काही जपून ठेवलं नाही. कादंबरी भलतीच अवघड. एक भाडेकरू दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यात मरून पडतो आणि तो कोणत्या मजल्याचा, यावर घरातली माणसं तीनशे पानं भांडतात. एका पानावर सुरू झालेलं वाक्य तिसऱ्या पानावर दमून बसायचं. आजोबा ती दर एक-दोन वर्षांनी काढत, गॅलरीतल्या खुर्चीत बसून वाचत, आणि एका ठिकाणी आले की खुर्ची करकरेपर्यंत हसत.

"एवढं काय आहे हो त्यात?" आजी विचारत.

"प्रूफं तूच वाचलीस ना? मग मला काय विचारतेस?"

वाचली होती, पण धान्यातले खडे वेचणाऱ्याला धान्याची चव थोडीच कळते? आजींना त्यातले अनुस्वार आठवत, गोष्ट आठवत नसे. आणि आजोबांची उत्तरं सगळी अशीच. लग्नाचं विचारायचा धीर तुम्हाला झाला कसा, असं आजींनी शंभरदा विचारलं असेल. एरवी हा माणूस मालकांसमोर पाणीसुद्धा मागत नसे. त्यावर एकच उत्तर: "तू लेखी दिलं होतंस." आणि पुन्हा हसणं.

आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली. गोड बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं, त्यामुळे गोड बोलण्याची आठवण काढायची सोय नव्हती. आठवायचं ते हसणंच. ते नेमकं कोणत्या वाक्यावर होतं, एवढं तरी समजावं, म्हणून आजींनी कादंबरी हातात घेतली. पण डोळ्यांनी नेमका याच वेळी दगा दिला. डॉक्टरांनी दिवसाला अर्धा तास वाचनाची परवानगी दिली, तीही तोंड वाकडं करून.

त्यावर सुनेने तोड काढली. "आई, अर्धा तास मोठ्याने वाचा आणि फोनमध्ये रेकॉर्ड करून स्वतःलाच पाठवा. दुपारी डोळे मिटून ऐकत पडा. हे बघा, सगळ्यात वर तुमचंच नाव आहे. ते दाबायचं."

आजी रोज वाचू लागल्या. छापखान्यात एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, सगळ्या विरामचिन्हांसकट, आणि दुसरा प्रूफ बघायचा. आजींना मोठ्याने वाचायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. दुपारी तो आवाज लावला की घरात कोणीतरी वाचतंय असं वाटे, आणि तेवढ्यापुरती गॅलरीतली खुर्ची रिकामी वाटत नसे. अर्थ मात्र अजून हाताला लागत नव्हता.

त्या सकाळी सेक्रेटरींनी इमारतीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी टाकलं. ग्रुप सरकून सगळ्यात वर आला. आजींनी सुनेने सांगितल्याप्रमाणे सगळ्यात वरचं दाबलं, दोनदा, कारण वाचन दोन तुकड्यांत झालं होतं. मग डोळ्यांत थेंब घातले आणि वीस मिनिटं डोळे मिटून पडल्या. फोन स्वयंपाकघरात थरथरत राहिला.

सेक्रेटरींनी पहिल्या निरोपाची पहिली काही सेकंदं ऐकली. "तिसऱ्या दिवशीही प्रेत जिन्यातच होतं स्वल्पविराम आणि उचलायला कोणी तयार नव्हतं पूर्णविराम..." पुढचं ऐकायला ते थांबलेच नाहीत. टॉर्च घेऊन, भर उजेडात, ते जिन्यात धावले.

आजींनी डोळे उघडले तेव्हा दाराची बेल अखंड वाजत होती. बाहेर सेक्रेटरी, शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, आणि पायऱ्यांवर निम्मी इमारत.

"आजी, कुठंय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"काय कुठंय?"

"प्रेत हो! वरपासून खालपर्यंत दोनदा बघितलं."

"आणि तीन दिवस पडलंय म्हणता, तर वास कसा नाही आला?" खालून कोणीतरी म्हणालं.

"तुमच्या मजल्यावर कचऱ्याचा इतका वास असतो, कळणार कसं?" वरून उत्तर आलं.

"हे बघा, मधला जिना आमच्याकडे येत नाही. आमची झाडलोट बाराव्या पायरीपर्यंतच."

"म्हणजे तेराव्या पायरीवर कोणी मेलं तर आम्ही बघायचं का?"

"मुळात मेलंय कोण ते तरी ठरवा! तो पूर्णविराम कोण? पोटभाडेकरू आहे का कोणाचा?"

आजी दाराला धरून ऐकत होत्या. कादंबरीत हे असंच होतं. पायऱ्या मोजणंसुद्धा. तीनशे पानांत जे समजलं नाही ते दाराशी दोन मिनिटांत समजलं, आणि आजी हसू लागल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा इतक्या हसल्या की डोळ्यांतले थेंब गालांवर आले.

"धक्का बसलाय त्यांना," सेक्रेटरी हळूच म्हणाले. "डॉक्टर, तपासा जरा."

"मी दात तपासते हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण त्यांनी आजींचा हात धरून त्यांना आत बसवलं.

तेवढ्यात सून ऑफिस टाकून धापा टाकत आली. फोन बघितला आणि कपाळावर हात मारला. "अहो, कादंबरी आहे ती! आई वाचत होत्या!"

जिन्यातून निराशेचा एक सुस्कारा ऐकू आला. हळूहळू माणसं पांगली. डॉक्टरीणबाई मात्र तिथेच घुटमळत राहिल्या. सगळ्या इमारतीत दुसरा निरोपही उघडून ऐकलेल्या त्या एकट्याच.

"पण आजी, एक विचारू? पहिल्या निरोपात प्रेत आहे. दुसऱ्यात तुम्ही एका ठिकाणी प्रेम म्हणालात. नक्की काय पडलंय?"

आजींचा चेहरा बदलला. "शक्य नाही. मी छापलेलं वाचते, मनातलं नाही."

"ऐका तर." सुनेने निरोप पुढे सरकवला. आजींचाच आवाज आला, सपाट, एकसुरी:

"बाई स्वल्पविराम तुमच्या दारात प्रेम पडून आहे स्वल्पविराम आणि तुम्ही नुसत्या बघताय काय प्रश्नचिन्ह."

आजींनी कादंबरी ओढली. पान दोनशे बारा. दुसरा एक भाडेकरू घरमालकिणीला बोलतो ते वाक्य. स्पष्ट छापलेलं: प्रेम.

"माझ्या नजरेतून सुटलं," त्या पुटपुटल्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची चूक, पण कानशिलं आत्ता तापली. "आणि त्यांच्याकडून तरी कसं व्हावं? 'त' कुठे, 'म' कुठे. खिळ्यांच्या पेटीत दोघांची घरं लांब. त्यांचा हात कधीच..."

बोलता बोलता त्यांचं बोट त्या 'म'वर टेकलं.

त्यांना ती दुपार आठवली. मूळ प्रत वाचणारा रजेवर होता, म्हणून कंपोझिटर स्वतः समोर येऊन बसला. छापखान्यात तो त्यांना 'बाई' म्हणायचा. तो वाचत होता आणि त्या प्रुफाकडे नव्हे, त्याच्या शाई लागलेल्या कानाकडे बघत होत्या. एका ठिकाणी तो "प्रश्नचिन्ह" म्हणाला, मान वर केली, आणि थांबला. लांब वाक्यांनी दमला असेल, असं वाटून त्या म्हणाल्या होत्या, "पुढे?"

तो बिचारा पुढे वाचत गेला.

"आई, काय झालं?" सुनेने विचारलं.

"शेवटच्या प्रुफावर सही करावी लागते गं," आजी म्हणाल्या. "सगळं तपासलं की खाली लिहायचं, 'छापण्यास हरकत नाही'. मी लिहिलं. सही केली. आणि चौथ्या दिवशी त्यांची मोठी बहीण आमच्या घरी मागणी घेऊन आली."

सुनेने फोन बाजूला ठेवला. "म्हणजे बाबा म्हणायचे ते, लेखी दिलं होतंस..."

"खरंच दिलं होतं की," आजी म्हणाल्या. "मेल्यांनी एकदा तरी सांगायचं होतं."

दारातून सेक्रेटरींनी पुन्हा डोकं आत घातलं. "आजी, ग्रुपवर काय टाकू? लोक विचारतायत, चूक कोणाची?"

आजींनी कानामागची पेन्सिल काढली होती. सवयीने टोक त्या 'म'वर गेलं, खोडायला. पण खोडलं नाही. मग आजींनी समासात, बारीक पण ठळक अक्षरात, पंचेचाळीस वर्षांनी दुसऱ्यांदा लिहिलं, 'हरकत नाही', आणि खाली लग्नाआधीच्या नावाने सही केली.

"चूक कोणाचीच नाही, असं टाका," त्या म्हणाल्या. "आणि 'चूक'मधला 'चू' दीर्घ लिहा."