कमळसिस्टरांचा शांताराम

नवीन पनवेलची माणसं वर्षातले बरेच महिने ओलीशी भांडत असतात. कपड्यांना कुबट वास, चपलांना बुरशी, पापड सादळलेले. अशा गावात घरातली ओल कमी पडते म्हणून हैराण झालेली एकच व्यक्ती मला माहीत आहे. समोरच्या फ्लॅटमधल्या कमळसिस्टर.

सिस्टर मूळच्या बेलपाड्याच्या. लग्न केलं नाही. सगळी नोकरी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात गेली. रिटायर झाल्यावर त्या भजनी मंडळात जातील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांच्याकडे अजगर आला.

खालच्या मजल्यावरचा समीर नोकरीसाठी पुण्याला गेला आणि झाडावर राहणारा आपला हिरवागार परदेशी अजगर 'आठवडाभर' म्हणून सिस्टरांकडे ठेवून गेला. साप चालेल असा घरमालक त्याला पुण्यात मिळेना. आठवड्याचे महिने झाले. सिस्टरांनी अजगराचं नाव शांताराम ठेवलं आणि हॉलमधलं शोकेस रिकामं करून त्याला दिलं. काचा बसवल्या, वरून जाळी, तळाला नारळाचा भुसा, आत पेरूच्या फांद्या आडव्या. ओलाव्यासाठी धुकं सोडणारं विजेचं यंत्र.

"ओल पायजे, पन कोंदट नाय," त्या सांगायच्या. "पेटीतल्या बाळाचं पन असंच असतं."

पेशंटला भेटायची वेळ पाच ते सहा. चपला बाहेर, हात साबणाने. सेंट मारून आलेल्या माझ्या मेव्हण्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. आत गेल्यावर बघायला काही नसायचं. शांताराम फांदीवर वेटोळं घालून, मधोमध डोकं ठेवून पडलेला.

"आज जरा खेळतोय," सिस्टर म्हणायच्या.

मी निरखून बघायचो. कालचंच वेटोळं असायचं.

जानेवारीत शांतारामचे डोळे दुधाळ झाले आणि काही दिवसांनी निवळले. कात टाकायची वेळ आली होती, हवा कोरडी होती आणि नेमकी त्याच दिवशी वीज गेली. यंत्र बंद. सिस्टर आणि मी बाटलीने पाणी फवारत असताना सोसायटीचे सेक्रेटरी आले.

"सिस्टर, सोसायटीच्या नियमात साप बसत नाही."

"नियम मंग वाचू. कात सुकून डोल्यावर चिकटली तर त्याला इजा होईल. आधी हात धुवा."

सेक्रेटरींनी हात धुतले. कसे कोण जाणे, पण धुतले. मग सिस्टरांनी त्यांच्या हातात बाटली दिली.

"वरनं मारा. तोंडावर नाय."

इस्त्रीच्या शर्टातले सेक्रेटरी दुपारभर फवारत होते. संध्याकाळी शांतारामने फांदीवर नाक घासलं आणि मोजा काढावा तशी सगळी कात मागे सरकत गेली.

"सुटका झाली का हो?" सेक्रेटरींनी हळूच विचारलं. त्यांचा आवाज बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा होता. नियमांचं नाव पुन्हा निघालं नाही. दुसऱ्या दिवशी पाच वाजता ते बायकोला घेऊन आले.

पुढच्याच महिन्यात समीर आला. पुण्यात घर मिळालं होतं. शांतारामला न्यायला त्याने पेटी आणली होती. मी तिथेच होतो. सिस्टरांनी त्याला चहा दिला, पुन्हा चहा दिला, पुण्याच्या हवेची चौकशी केली. वॉर्डात बाळाचं वजन भरलं की त्याच दिवशी आईच्या हाती द्यायचं, एक दिवस जास्त ठेवायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. तो त्यांनीच मला कितीदा सांगितला होता.

"नेशील रे," अखेर त्या म्हणाल्या. "पन अजून वजन भरलं नाय. आठवडाभर ऱ्हाऊ दे."

सकाळीच सिस्टरांनी आणि मी शांतारामला वजनकाट्यावर ठेवलं होतं. तेव्हा "चांगला भरलाय" असं सिस्टरच म्हणाल्या होत्या.

समीरने माझ्याकडे पाहिलं. सिस्टर कपबशा उचलत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"हो," मी म्हटलं, "जरा हलकाच आहे."