एक बटन, आठ दिवस आणि दफ्तरदार

शरद दफ्तरदार यांना फक्त दोनच हात आहेत, ही बाब त्यांच्या वयाच्या चौपन्नाव्या वर्षी प्रथमच अडचणीची ठरली.

झाले असे की, मुलगी शमिका हिचे लग्न ठरले आणि तिने रिसेप्शनच्या बाबतीत एकच मागणी केली. "बाबा, डीजे-वीजे काही नको. लहानपणी तुम्ही मला झोपवताना जी धून गुणगुणायचे ना, ती गिटारवर वाजवा. बस." शरदरावांनी कॉलेजनंतर गिटारला हात लावला नव्हता, पण मुलीपुढे त्यांच्या तोंडून 'हो' निघून गेले. रिसेप्शन सत्तावीस नोव्हेंबरला होते आणि हा जुलै चालू होता.

शहरातल्या पलासिया भागात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर स्वानंदी नावाची मुलगी गिटार शिकवते. तिच्याकडे जाऊन महिनाभरात शरदराव चार कॉर्ड वाजवू लागले. धूनही वाजवू लागले. मात्र दोन्ही एकाच वेळी वाजवायला आणखी दोन हात हवे होते.

"काका, एक साधा लूपर घेऊन टाका," स्वानंदी म्हणाली. "छोटीशी डबी असते. पायाने बटन दाबायचं, चार कॉर्ड वाजवायचे, परत दाबायचं. मग ती डबी तेच तेच वाजवत राहते आणि तुम्ही वरून धून वाजवायची. एक बटनवाला घ्या. आठ दिवसांत हात बसेल."

शरदराव आनंदाने घरी आले, आणि इथेच प्रकरणाला सुरुवात झाली. 'प्रकरण' हा शब्द इथे शब्दशः घ्यावा.

दफ्तरदारांचे पूर्वज संस्थानच्या दफ्तरात कामाला होते. संस्थान गेले, पण दफ्तर अन्नपूर्णा भागातल्या या घरात शाबूत राहिले. शरदरावांचे वडील गजानन ऊर्फ नानासाहेब, वय ब्याऐंशी, हे त्याचे विद्यमान प्रमुख. घरात नवी वस्तू यायची तर आधी अर्ज, मग आवश्यकतेची टिप्पणी, मग तीन कोटेशन आणि शेवटी लाल शाईत नानासाहेबांचा शेरा, असा शिरस्ता होता. झाडूची नस्ती, म्हणजे फाईल, वेगळी आणि केरसुणीची वेगळी होती.

"नाना, एक छोटीशी वस्तू घ्यायची होती," शरदराव म्हणाले.

नानासाहेबांनी झोपाळा थांबवला. "जरूर घे. पण मी म्हणतो, गरज काय?"

हे वाक्य नानासाहेब गेली पन्नास वर्षे म्हणत होते. फ्रिजच्या वेळी म्हणाले होते, फोनच्या वेळी म्हणाले होते, आणि शरदरावांनी 'मला लग्न करायचंय' असे सांगितले तेव्हाही, सून समोर बसलेली असताना, म्हणाले होते.

"नाना, ही डबी एकच गोष्ट परत परत वाजवते. आपली कचऱ्याची गाडी नाही का, रोज सकाळी एकच गाणं लावून फिरते? तसं."

"मग ती गाडी आहेच की. तिच्यावर वाजव."

हा पर्याय तपासल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. सबब दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शरदराव गळ्यात गिटार अडकवून कचऱ्याच्या गाडीमागे चार गल्ल्या चालले. गाडी एका दारापुढे दोन मिनिटांच्या वर थांबत नव्हती आणि गाण्याची पट्टी जुळत नव्हती. तिसऱ्या गल्लीत एका बाईने ओला कचरा, सुका कचरा आणि शरदराव यांच्याकडे क्रमाने पाहिले आणि विचारले, "भिया, ये नई स्कीम है क्या निगम की?" शरदरावांनी अहवाल सादर केला: पर्याय तपासला, अव्यवहार्य आढळला.

तेव्हा निवड समिती नेमण्यात आली. अध्यक्ष नानासाहेब. सदस्य शरदरावांच्या पत्नी शशिकलाबाई. तांत्रिक सदस्य म्हणून शशिकलाबाईंचा धाकटा भाऊ भूषण याला घेतले, कारण कॉलनीच्या गणपतीत माईक हातात धरून 'हॅलो, चेक, चेक' म्हणण्याचा त्याला अकरा वर्षांचा अनुभव होता. शशिकलाबाईंनी पहिल्याच बैठकीत भाजी निवडता निवडता आपले मत नोंदवले.

"या घरात लूपर कशाला हवा? नाना आहेत ना!"

हे मत कार्यवृत्तातून वगळण्यात आले.

भूषणने पंधरा दिवसांत लूपरविषयीचे त्रेसष्ट व्हिडिओ पाहिले. नंतर तो आला तो गंभीर चेहऱ्याने.

"जिजाजी, एक बटनवाला तर भूल जाओ. ते एक बटन बिघडलं तर काय करणार? कमसे कम दोन पाहिजे."

"अरे, पण स्वानंदी म्हणाली, एकच…"

"ती टीचर आहे. तिला वाजवता येतं. आपल्याला निवडायचा आहे. दोन्ही अलग गोष्टी आहेत."

समितीला हा मुद्दा पटला. पुढच्या रविवारी पोहे-जिलेबीवर भूषणने स्टिरिओचा विषय काढला. "आपल्याला कान दोन आहेत, जिजाजी. मग एका कानावर अन्याय कशाला?" त्याच्या पुढच्या रविवारी त्यात ढोलकीचा ताल आला, मग नव्याण्णव धुना साठवण्याची सोय आली. शरदरावांना एकच धून वाजवायची होती. उरलेल्या अठ्ठ्याण्णव जागा 'भावी विस्तार' या सदराखाली राखून ठेवण्यात आल्या. सप्टेंबरअखेर प्रस्तावित यंत्राला पाच बटने झाली होती आणि ते साधारण शिवणयंत्राएवढे झाले होते.

नानासाहेबांनी आपल्याकडून दोनच अटी घातल्या. वस्तूला किमान तीन वर्षांचा अनुभव असावा, आणि वस्तू कोरी करकरीत असावी.

"काका, प्रॅक्टिस चालू आहे ना?" स्वानंदीने फोन करून विचारले.

"सध्या निवड-प्रक्रिया चालू आहे," शरदराव म्हणाले.

कोटेशन आणायला शरदराव पलासियाच्या एका वाद्यांच्या दुकानात गेले. लूपर ठेवणारे गावात हेच एक दुकान त्यांना सापडले होते, आणि तिथेही फक्त एक बटनवालाच होता. शरदरावांनी चाचरत सांगितले की कोटेशन तीन दुकानांची लागतात.

"बस इत्ती सी बात?" दुकानदाराने खणातून तीन वेगवेगळी लेटरहेडे काढली. "तीनों अभी लिख देता हूँ भिया. सबसे कम किसमें रखना है, बोलो."

तिन्ही कोटेशनांचे अक्षर एकच होते, शाई एकच होती आणि तिन्हींवर चहाच्या एकाच कपाचा गोल डाग पडला होता. नानासाहेबांनी त्यांचा तुलनात्मक तक्ता केला आणि तिन्ही दुकानांचे अक्षर वळणदार असल्याची प्रशंसा केली. हरकत त्यांनी वेगळीच काढली: विनिर्देश पाच बटनांचा आणि देकार एका बटनाचा. तिन्ही नामंजूर. फेरदेकार मागवावेत.

"नाना, सत्तावीस नोव्हेंबरला रिसेप्शन आहे!" शरदरावांचा आवाज चढला. "एक महिना राहिला. पोरीला शब्द दिलाय मी. सगळ्यांसमोर नुसता गिटार धरून उभा राहू का?"

नानासाहेबांना लेकाची कळकळ पोचली. ते काही निर्दय नव्हते. त्यांनी टिप्पणी मागवली आणि तीवर लाल शाईने लिहिले: 'यंत्र प्राप्त होईपर्यंत अंतर्गत तात्पुरती व्यवस्था करावी.'

अंतर्गत म्हणजे शशिकलाबाई. रोज संध्याकाळी सातला त्या पाटासमोर खुर्ची घेऊन बसू लागल्या. शरदरावांनी पायाने पाट वाजवला की त्यांनी 'ढँग ढँग ढिंग ढिंग' असे चार कॉर्ड तोंडाने सुरू करायचे आणि पुन्हा पाट वाजला की थांबायचे. सुरू करण्याची कळ चांगली चालत होती. थांबण्याची चालत नव्हती. पाट वाजला की शशिकलाबाई म्हणत, "थांबा हो, आत्ता तर सूर लागला," आणि पुढे चालू. नानासाहेब अध्यक्ष या नात्याने झोपाळ्यावर देखरेखीला असत. झोपाळा मागे जाऊन पुढे आला की, दर फेरीच्या अंती, ते आपोआप म्हणत, "पण मी म्हणतो, गरज काय?" मग शशिकलाबाईंचे पुन्हा ढँग ढँग.

तीन आठवडे हे चालले. शेजारी खिडक्या लावून घेत. परंतु आश्चर्य म्हणजे शरदरावांचा हात बसला. धून सुरात येऊ लागली. नेमक्या त्याच कारणाने घोटाळा झाला. सतरा नोव्हेंबरला नानासाहेबांनी प्रगती पाहिली, समाधानाने मान डोलावली आणि शेरा मारला: 'अंतर्गत व्यवस्थेने गरज भागत असल्याने यंत्राची गरज उरत नाही. प्रकरण बंद.'

"आणि रिसेप्शनला?" शशिकलाबाईंनी विचारले. "मी शालू नेसून चारशे लोकांपुढे ढँग ढँग करू?"

"ते प्रकरण वेगळं आहे. वेगळा अर्ज करा."

शशिकलाबाई उठल्या, पाट उचलून भिंतीला उभा केला आणि अंतर्गत व्यवस्था कायमची संपावर गेली.

शमिका हे सगळे ऐकत होती. तिने फोन काढला, अंगठा तीनदा हलवला आणि म्हणाली, "झालं. परसों येईल."

"काय झालं?" भूषण दचकला.

"एक बटनवाला लूपर मागवला, मामा."

"अग, पण कंपेअर तरी करायचं होतं!"

तिसऱ्या दिवशी खोके आले. हाताच्या पंजाएवढी डबी, तिला एक बटन. परंतु बंद झालेल्या प्रकरणात आलेली वस्तू म्हणजे बेवारस माल. आवक क्रमांक कुठून देणार? नानासाहेबांनी डबी दफ्तराच्या कपाटात कुलूपबंद केली. सोबतची माहितीपुस्तिका कागदच असल्याने ती रीतसर पंच केली, नस्तीला लावली आणि नस्तीला फीत बांधली.

सत्तावीस नोव्हेंबरला पाहुण्यांच्या गडबडीत शशिकलाबाईंनी सासऱ्यांच्या उशीखालून किल्ली काढली. दफ्तरदारांच्या घरात ही पहिलीच विनाअर्ज कारवाई होती. डबी शालूच्या पदराखाली हॉलवर पोचली. नस्ती कपाटातच राहिली.

स्टेजवर भूषण हजर होता. "जिजाजी, टेन्शन नको. फिटिंग माझ्यावर सोडा." त्याने दोन जोडण्या आणि एक चिकटपट्टी वापरून लूपर जोडला, फक्त गिटारऐवजी माईकला. मग स्वभावधर्माप्रमाणे 'हॅलो, चेक, चेक' करून त्याने माईक सन्मानाने शेजारी बसलेल्या नानासाहेबांपुढे धरला. "नाना, दोन शब्द आशीर्वादाचे."

त्याच क्षणी शरदरावांनी कॉर्ड भरण्यासाठी बटन दाबले. नानासाहेबांची नजर त्या डबीवर गेली. त्यांनी ती ओळखली.

"पण मी म्हणतो, गरज काय?"

शरदरावांनी घाबरून पुन्हा बटन दाबले.

"पण मी म्हणतो, गरज काय?" हॉलचे चारही भोंगे म्हणाले. "पण मी म्हणतो, गरज काय? पण मी म्हणतो, गरज काय?"

नवरदेवाकडचे लोक उभे राहिले. नवरदेवाचे वडील पांढरे पडले. त्यांना हा विवाहावरचा अभिप्राय वाटला. "बंद करो यार!" कुणीतरी ओरडले. "कसं बंद करायचं?" शरदराव म्हणाले. "पुस्तिकेत आहे!" भूषण म्हणाला. "पुस्तिका कुठेय?" "नस्तीत."

शरदरावांनी लेकीकडे पाहिले. ती हातातला हार तसाच धरून त्यांच्याकडे बघत होती. भोंगे म्हणतच होते. आणि मग शरदरावांच्या लक्षात आले, की हा ठेका आपल्या ओळखीचा आहे. तीन आठवडे रोज संध्याकाळी सातला आपण याच वाक्यावर येऊन मिळत होतो. त्यांनी डोळे मिटले, पुढच्या 'गरज काय'ची वाट पाहिली आणि बरोबर जागेवर धून उचलली.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही सूर चुकला नाही. तिसऱ्या फेरीला पोरे नाचू लागली, चौथ्या फेरीला नवरदेवाचे वडीलही. शमिका हसत होती आणि डोळे पुसत होती. नानासाहेब मांडीवर ताल धरून बसले होते. वाक्य त्यांचे असल्याने ते त्यांना फार आवडले. शेवटी शशिकलाबाईंनी प्लग उपटला.

नानासाहेबांनी घरी येऊन नस्तीवर अंतिम शेरा लिहिला: 'कार्य उत्तम झाले. गरज अद्याप सिद्ध नाही.'

जेवणाच्या पंगतीत मात्र पंधरा-वीस जणांनी शरदरावांना घेरले होते. एकाने डबी उलटीपालटी करून पाहिली. "वा! पण एकच बटन? दोनवाला नाही का येत?" "येतो ना!" भूषण म्हणाला, "लिंक भेजता हूँ." विचारणारे गृहस्थ गेले दोन हिवाळे गीझर निवडत आहेत आणि तोवर थंड पाण्याने आंघोळ करतात. हॉलमध्ये सगळ्यांत जोराने तेच हसले होते.

आपणही हसला असाल. हरकत नाही. पण आपल्या फोनमध्ये एक यादी आहे. तिच्यात चार महिन्यांपूर्वी पहिल्याच दिवशी पसंत पडलेली एक साधी वस्तू आहे आणि तिच्यानंतर नुसती तुलनेसाठी जोडलेल्या सव्वीस आहेत. ती पहिली आज मागवून टाकावी, असे हे वाचताना एकदा आपल्या मनात आले. अंगठाही उचलला गेला. आणि तेवढ्यात आतून एका ब्याऐंशी वर्षांच्या गृहस्थांचा आवाज आला.

तो आता थांबणार नाही. थांबवायचा कसा, ते पुस्तिकेत आहे. पुस्तिका नस्तीत आहे.