एल्क नावाची गाय

देवदत्त सबनीसाने आयुष्यात एकच थाप आत्मविश्वासाने मारली, आणि तीही ऑफिसच्या लंच टेबलावर, तोंडात दोडक्याची भाजी असताना.

त्याचा मॅनेजर डग ऑक्टोबरातल्या हंटिंग ट्रिपचं प्लॅनिंग करत होता. कोलोराडोतलं सरकारी जंगल, कुणालाही मोकळं. पाठीवर तंबू बांधून रस्त्यापासून सहा मैल डोंगरात शिरायचं आणि एल्क मारायचा. (एल्क म्हणजे आपल्या सांबरासारखं, पण त्याहून धिप्पाड हरीण.) बाकीचे नकाशांवर आणि रायफलींवर तुटून पडले होते. देवदत्तकडे कुणी बघतही नव्हतं. बारा वर्षं तो त्या टेबलावर बसत होता आणि बारा वर्षांत त्याच्या डब्यातला चिवडा खाताना त्याला फक्त "हे स्पायसी आहे का?" एवढंच विचारलं गेलं होतं. तेव्हा तो घास गिळून म्हणाला, "माय ग्रँडफादर वॉज अ शिकारी."

आजोबा चंद्रपूरला वनखात्यात होते हे खरं. पण हेडक्लार्क. ढेकणाखेरीज त्यांच्या हातून काही मेल्याची नोंद नाही.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मग डगने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली, की दोडका पुन्हा वर आला. "देव, यू आर कमिंग विथ अस!"

आता माघार कशी घेणार? देवदत्तने लंच अवरमध्ये शिकारीचा ऑनलाइन कोर्स केला, परवान्याचा फॉर्म भरला. नर हवा की मादी, असा प्रश्न होता. नराला शिंगं असतात, हे आठवून त्याने लगबगीने मादीवर टिक केली. हे परवाने लॉटरीने मिळतात, त्यामुळे तो निर्धास्त होता. पण एच-वन-बी व्हिसाच्या लॉटरीत दोनदा तोंडघशी पडलेल्या माणसाला ही लॉटरी पहिल्या फटक्यात लागली.

घरी त्याने सांगितलं, "ऑफिसचं टीम-बिल्डिंग आहे." (हे काही अगदीच खोटं नाही, असं तो रोज दात घासताना स्वतःला समजावायचा.)

घरात त्या वेळी सासरे होते. गुरुनाथराव, नागपूरचे निवृत्त हेडमास्तर, सहा महिन्यांसाठी पार्सिपनीत लेकीकडे आलेले. जेवणाआधी गायीचा घास काढून ठेवायचा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. इथे गाय कुठली? पण मागच्या अंगणात एक हरिणी यायची. चार पाय आणि गरीब स्वभाव, एवढं पुरे, असं म्हणून त्यांनी तिलाच पहिली पोळी सुरू केली आणि तिचं नाव गौरी ठेवलं.

उरलेल्या वेळात ते घरी येणारं सगळं टपाल वाचत, पिझ्झाच्या कूपनांसकट. शनिवारी दुपारी त्यांनी एक पाकीट फोडलं.

"सुनेत्रा," त्यांनी लेकीला हाक मारली, "इकडे ये. जावईबापूंना सरकारने गाय मारायचं लायसन्स दिलंय."

"बाबा, काहीतरीच काय!" सुनेत्राने कागद घेतला. त्यावर स्वच्छ छापलं होतं, एल्क, काऊ. खाली नवऱ्याचं नाव, वडिलांच्या नावासकट.

"आणि हे एल्क काय?"

"जात असेल," गुरुनाथराव म्हणाले. "जर्सी असते तशी."

देवदत्त गॅरेजमधून आत आला, तर बापलेक सोफ्यावर दुखवट्याला भेटायला आल्यासारखे बसलेले.

"टीम-बिल्डिंग?" सुनेत्राने कागद पुढे केला.

"अगं, ऐकून तरी घे! काऊ म्हणजे काऊ नाही!"

"मग काय, काऊ-चिऊतला काऊ?"

"बाबा, शपथ सांगतो, गाय नाही हो! हरीण आहे. मोठ्या हरणाच्या मादीला इथे काऊ म्हणतात. आपल्या गौरीची थोरली बहीणच समजा ना!"

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. गुरुनाथरावांनी सावकाश खिडकीकडे पाहिलं. बाहेर गौरी पोळीची वाट बघत उभी होती.

"हिच्या बहिणीला मारायला तुम्ही विमानाने जाणार?"

देवदत्तला वाटलं, सासरे ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "जावईबापू, घरात खायला कमी पडतं का?"

"नाही हो बाबा. मला कुणालाच मारायचं नाहीये." त्याला वर बघवेना. "टेबलावर कुणी मोजत नाही मला. म्हणून म्हटलं, माझे आजोबा शिकारी होते."

"आजोबा?" सुनेत्रा म्हणाली. "अरे, ते झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायचे!"

देवदत्तला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणी रोज संध्याकाळी त्याच्या पेन्सिलींना टोकं काढून देणाऱ्या भल्या माणसाच्या हातात त्याने बंदूक दिली होती. स्वतःची लाज वाटली, ती आजोबांना लपवल्याची जास्त.

"डगला फोन कर," सुनेत्रा म्हणाली. "आत्ता. स्पीकरवर."

त्याने केला. "डग, आय कान्ट कम. माय ग्रँडफादर वॉज... अ क्लार्क."

"वुई नो, मॅन," डग म्हणाला.

सरावाला नेलं होतं तेव्हा शूटिंग रेंजवर देवदत्तने दोन्ही डोळे मिटून गोळी झाडली होती आणि नंतर टार्गेटला सॉरी म्हटलं होतं. त्याच दिवशी सगळ्यांनी ठरवलं होतं, की याच्या हातात रायफल द्यायची नाही.

"मग मला नेत का होतात?"

डगने ट्रिपला कुणी काय आणायचं याची शीट पाठवली. सुनेत्राने मोठ्याने वाचली. डग, रायफल. कर्ट, नकाशे आणि तंबू. देव, चिवडा, चार पाउंड.

"वजनाला हलका, दोन आठवडे टिकतो," डग काकुळतीने सांगत होता. "देव, चिवडा तरी येतोय ना?"

चिवड्यात हत्या नाही, असा निर्वाळा देऊन गुरुनाथरावांनी स्वतः पोहे भाजायला घेतले. ऑक्टोबरात चिवडा विमानाने कोलोराडोला गेला आणि सहा मैल डोंगर चढला. देवदत्त पार्सिपनीत अंगणातली पानं गोळा करत राहिला. एल्क कुणालाच दिसला नाही.

परत आल्यावर डगने लंच टेबलावर सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आम्ही रोज संध्याकाळी आठवण काढायचो. पुढच्या वर्षी दुप्पट हवा!"

देवदत्तचा ऊर भरून आला. थँक्यू म्हणायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात कर्टने विचारलं, "बाय द वे, तो बनवतं कोण?"